ठोकळ्याला काच लावताना

नाना,

डॉक्टरांनी मला विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता का? आई, वडील?" आणि मला उत्तर देता आलं नाही. आईचं मी काय सांगणार, ती गेली तेव्हा मी तिसरीत होते. पण तुमचं मला माहीत असायला हवं होतं. दाराबाहेर चपला काढल्याच्या आवाजावरून तुमचा दिवस कसा गेला ते मी ओळखायचे, आणि तुमच्या डोळ्याला शेवटी शेवटी काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं, ते मला ठाऊक नाही. मी म्हणाले, "वडिलांचा डावा डोळा अपघातात गेला होता." डॉक्टर म्हणाले, "तो नाही हो. दुसरा, चांगला होता तो." आपल्या घरात त्या दुसऱ्या डोळ्याचं नाव कधी निघालंच नाही. तो होता, तेवढं पुरे होतं. मी "आठवून सांगते" म्हणाले आणि थेंबांची बाटली घेऊन घरी आले. तेव्हापासून आठवतेच आहे. ज्यांना विचारता येईल त्यांना विचारून झालं, म्हणून आता तुम्हालाच लिहायला बसले.

हे कसं कळलं ते आधी सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. आता ऑफिस तेच, सरही तेच, पण काम मी दौंडला आपल्या घरी बसून करते. तुम्ही रिटायर झाल्यावर बांधलेल्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत माझं टेबल आहे. सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं होतं तेव्हा मी पुण्याची खोली सोडून इकडं आले आणि नंतर परत जा असं मला कुणी म्हणालं नाही. लग्नाचं तुम्ही दोनदा विचारलं होतंत, मग विचारायचं सोडलंत. ते तसंच राहिलं. शुक्रवारी संध्याकाळी काम संपलं की सोमवारी सकाळी सरांचा फोन येईपर्यंत मी कुणाशी बोललेली नसते. "हॅलो" म्हणायच्या आधी एकदा खाकरून घ्यावं लागतं. ऑफिसची मीटिंग संपली की बाकीचे पटापट बंद करतात, मी जरा थांबते. पुण्यात कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा, चहा आला म्हणून हाक मारल्याचा आवाज येतो, तेवढा ऐकते आणि मग बंद करते.

काम माझं अजून तेच, तुम्ही शेजारी बसून बघायचात ते. बिल्डिंग पहिल्यांदा नुसता ठोकळा असते. ना दार, ना खिडकी, साबणाच्या वडीसारखा करडा ठोकळा. सर त्याचा आकार ठरवतात, मी तो कंप्युटरवर उभा करते आणि त्याच्या कुठल्या बाजूंना काच येणार ते दाखवते. एकेक बाजू निवडायची, यादीतून काच घ्यायची, ती किती आरपार दिसावी ते सांगायचं. एका क्षणात भिंत नाहीशी होते आणि आतले मजले ताटं रचून ठेवल्यासारखे दिसायला लागतात. ज्यांची बिल्डिंग आहे त्या लोकांना तिथं पहिल्यांदा पटतं की हे काहीतरी होणार आहे. सगळ्या ठोकळ्याला एकदम काच लावली तर मात्र फसतं. पुढचं मागचं एक होतं, छपरातून जमीन दिसते, बघणाऱ्याला कुठं बघावं कळत नाही. म्हणून बाजू कापून तिचे तुकडे करून घ्यायचे आणि हवी तिथंच काच लावायची. नवीन आलेली पोरं घाई करतात. मला हे चांगलं जमतं असं सरही म्हणतात.

तर या वर्षी शिरूरच्या एका अभ्यासिकेचं काम आलं. स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी बसून वाचतील अशी तीन मजली इमारत. मी ठोकळा केला, काच लावली आणि सरांना पाठवला. त्यांचा फोन आला, "खाली उजवीकडचा तुकडा राहिलाय बघा." बघितलं तर खरंच, एक करडा चौकोन तसाच होता. वाटलं, माउस हलला असेल. पुढच्या वेळी पुन्हा तेच, दुसरा तुकडा, पण खाली उजवीकडचाच. तिसऱ्या वेळी सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही असं करत नाही कधी. तब्येत बरी आहे ना?" मी चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गावातल्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी एक एक डोळा झाकून बघितलं, डोळ्याचा दाब मोजला, आणि खुर्ची माझ्याकडं ओढून बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की काय ते आपल्याला कळतं. मी विचारलं, तुकडे राहत होते ते यामुळंच का? ते म्हणाले, "असेल, नसेलही. डोळ्याला जे दिसत नाही तिथं काळं दिसत नाही, मेंदू आजूबाजूचं घेऊन भरून टाकतो. माणसाला वाटतं सगळं दिसतंय." मला ते ऐकून तुम्हीच आठवलात.

तुम्हाला आठवतं का, डिप्लोमा झाल्यावर तुम्ही मला कंप्युटर घेऊन दिलात तेव्हा दुकानात काय म्हणालात? दुकानदार काय काय सांगत होता, आतलं मशीन असलं, तसलं. तुम्ही म्हणालात, "त्ये तुमचं तुम्ही बघा. पडदा मातुर सगळ्यात मोठा द्या. पोरीला दिवसभर बघायचंय." तो पडदा आपण रिक्षात मांडीवर घेऊन आलो. तुम्ही वाटेत रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला "हळू रं बाबा" म्हणत होता. रेल्वे क्वार्टरमधल्या खोलीत तो टेबलावर ठेवला तर टेबलावर दुसरं काही ठेवायला जागा उरली नाही. मग स्टेशनातल्या लॉबीतून ड्युटी संपवून आलात की तुम्ही स्टूल घेऊन माझ्या डाव्या हाताला बसायचात, म्हणजे मी तुमच्या उजवीकडं, दिसणाऱ्या बाजूला यायचे. मी ठोकळा दाखवला की म्हणायचात, "फिरव." मी फिरवायचे. "आजून. हां, आता आलं. आता कळलं कुठली बाजू म्होरं हाय." दोन डोळ्यांच्या माणसाला जागेवरून कळतं, एका डोळ्याला सगळं सपाट. ते हलवून बघावं लागतं. घरातसुद्धा तुम्ही एखादी वस्तू उचलायच्या आधी मान जरा इकडं तिकडं करायचात, कबुतरासारखी. आणि मी ठोकळ्याला काच लावली की तुम्ही वैतागायचात. "बिघडवलंस बघ. चांगलं कळत व्हतं, आता मागचं समदं म्होरं आलं." मी हसायचे. म्हणायचे, "नाना, लोकांना हेच आवडतं." तुम्ही म्हणायचात, "आवडू दे," आणि स्टूल उचलून चहा करायला जायचात.

त्या डाव्या डोळ्याचंही तुम्ही स्वतः मला कधी सांगितलं नाहीत, मी लॉबीतल्या लोकांकडून ऐकलं. तुम्ही सोलापूरकडून मालगाडी घेऊन येत होतात. कुणीतरी दगड मारला, इंजिनाची पुढची काच फुटली आणि तिचा तुकडा डोळ्यात गेला. एक हात डोळ्यावर दाबून तुम्ही गाडी पुढच्या स्टेशनात आणून उभी केलीत, असं ते सांगायचे. मी तेव्हा सातवीत होते. आत्या आपल्याकडं राहायची, आई गेल्यापासून. दवाखान्यातून पट्टी बांधून आलात तेव्हा मी विचारलं, "कुणी मारला दगड?" तुम्ही म्हणालात, "असतील कुणाची तरी पोरं," आणि मला गणिताचा पेपर कसा गेला ते विचारलंत. त्यानंतर गाडी चालवायची बंद झाली. ड्रायव्हर आणि गार्ड ड्युटीवर येऊन सह्या करतात त्या लॉबीत तुम्हाला टेबल मिळालं. कालपर्यंत बरोबरीचे असलेले लोक तुमच्यासमोर सही करून आपली लोखंडी पेटी उचलून गाडीकडं जायचे आणि तुम्ही रजिस्टर बंद करून पेन खिशाला लावायचात. मी एकदा डबा द्यायला आले होते तेव्हा ते बघितलं. तुमचा चेहरा अगदी साधा होता. मला तो साधा चेहरा बघवला नाही, मी डबा खिडकीत ठेवून निघाले.

चहा कपात ओतायला तुम्ही नव्यानं शिकलात. पहिल्या पहिल्यांदा चहा कपाच्या अलीकडं, ओट्यावर पडायचा. आत्या म्हणायची, "दे हिकडं, म्या वतते." तुम्ही पातेलं सोडायचा नाहीत. मग तुम्ही युक्ती काढलीत, पातेल्याची कड कपाच्या कडेला टेकवायची, टक असा आवाज आला की ओतायचं. तो टक आवाज म्हणजे आपल्या घरची सकाळ. काही वर्षांनी तुम्हाला त्याची गरज राहिली नाही, अंदाज बसला. टेकवल्याशिवाय ओतायला लागलात. पण शेवटच्या दोन-तीन वर्षांत, मी पुण्याहून सुट्टीला आले की पुन्हा तो टक ऐकू यायचा. मी अंथरुणातून ऐकायचे आणि मला बरं वाटायचं, आपलं घर, आपले नाना. तुम्हाला तो पुन्हा का करावा लागत होता, हे तेव्हा मनातही आलं नाही. आता डॉक्टरांच्या प्रश्नानंतर मी एकेक दिवस असा उलटा करून बघते.

पुण्याच्या ऑफिसचा दिवस घ्या. आम्ही नवीन जागेत गेलो होतो, खाली सगळी काच, ते कामही आमचंच. मी हट्टानं तुम्हाला बोलावलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून दुपारच्या गाडीनं आलात. मी आतून तुम्हाला येताना बघत होते, तुम्ही मला बघून हात वर केलात आणि सरळ चालत आलात आणि दारावर आपटलात. आवाज इतका मोठा झाला की सगळे उठले. नाकातून रक्त आलं, शर्टावर पडलं. वॉचमन म्हणाला, "चाचा, दिखता नहीं क्या?" तुम्ही त्याला म्हणालात, "दिखता है, दिखता है." मी तुम्हाला आत नेलं, पाणी दिलं, सरांनी खुर्ची दिली. तुम्ही सगळ्यांची माफी मागत होतात, जसं काही दाराला लागलं असावं. संध्याकाळी स्टेशनवर सोडायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "दार हाय एवढं कळंल असं कायतरी त्याच्यावर लावावं की गं." मी म्हणाले, "नाना, काच दिसू नये यासाठीच तर एवढा खटाटोप असतो." तेवढ्यात गाडी आली. तेव्हा सगळे म्हणाले, एक डोळा नाही बिचाऱ्याला. मीही तेच म्हणाले. पण त्या दाराची लांब स्टीलची मूठ बाहेरून येणाऱ्याच्या उजवीकडं होती, मी ते दार रोज उघडायचे. तुमचा उजवा डोळा तर चांगला होता, नाना. मूठ का दिसली नाही?

आणि स्वयंपाकघरातला तो दिवस. दिवाळीत आले होते आणि तुम्ही बाजारात गेलात तेवढ्यात मी मांडणी आवरली. डबे पुसले, मोठे मागं, लहान पुढं, मिठाची बरणी ओट्यावरून फळीवर. वाटलं होतं, तुम्ही बघून खूश व्हाल. तुम्ही आलात, ओट्याकडं हात नेलात, तिथं बरणी नव्हती. हात पुढं नेलात, तिथं दुसरंच काही होतं, ते खाली पडलं. आणि तुम्ही माझ्यावर ओरडलात. उभ्या जन्मात ओरडला नव्हतात. "कुणी सांगितलं व्हतं तुला हात लावायला? जागची वस्तू जाग्याव ऱ्हाऊ दे! दोन दिस येतीस आन् माझं समदं इस्काटून जातीस!" मी रडले. मला वाटलं, म्हातारपण आलं, एकटं राहून माणूस चिडचिडा होतो. रात्री तुम्ही माझ्या ताटात न विचारता तुपाची धार धरलीत, म्हणजे माफी मागितलीत. आणि मी दुसऱ्या दिवशी सगळे डबे पहिल्यासारखे लावून पुण्याला गेले. ते तुम्ही डोळ्यांनी नाही, पाठांतरानं स्वयंपाक करत होता का?

पुढच्याच पावसाळ्यानंतर तुम्ही स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावरून पडलात. ज्या पुलावरून तुम्ही आयुष्यभर गेलात तो पूल. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, छातीत कफ भरला आणि महिन्याभरात तुम्ही गेलात. मातीला आलेले सगळे म्हणत होते, वय झालं होतं, त्यात एक डोळा, पायरी चुकली. जे काही झालं ते त्या फुटलेल्या डोळ्याच्या नावावर जमा झालं. दुसऱ्याकडं कुणी बघितलंच नाही.

डॉक्टरांकडून आल्यावर मी दोन-तीन गोष्टी केल्या. एक म्हणजे काम करताना आता प्रत्येक तुकड्यावर जाऊन क्लिक करून बघते, डोळ्यावर विसंबत नाही. ठोकळा सावकाश पूर्ण फिरवते, तुम्हाला दाखवायचे तसा. दुसरी म्हणजे, शिरूरच्या ठोकळ्यात खालच्या मजल्याच्या काचेला मी माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर एक पट्टी कापली आणि तिला धुरकट काच लावली. सरांनी बघितलं. "ही पट्टी कशाला?" मी म्हणाले, "लोक आपटू नयेत म्हणून." ते म्हणाले, "अहो, आत्ता दारसुद्धा नाहीये त्याला. हे सगळं पुढच्या टप्प्यात. कन्सेप्ट स्वच्छ दिसू दे." त्यांचं बरोबर होतं, या टप्प्यावर असलं काही दाखवत नाहीत. मी पट्टी काढली. ती काढायला एक क्षण लागला.

शिरूरच्या मीटिंगला सर पुण्याहून गाडी घेऊन आले, मी दौंडहून एसटीनं गेले, पाटसला गाडी बदलून. जाताना कारखान्याची चिमणी दिसली, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं आमची गाडी रांगत होती. मीटिंग एका शाळेच्या हॉलमध्ये होती, कमिटीचे सात-आठ जण होते. सगळे ज्यांना आप्पा म्हणत होते ते म्हातारे गृहस्थ पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन. मी भिंतीवर ठोकळा दाखवला, आधी करडा, मग काच लावलेला. हॉलमध्ये "वाऽ" असं झालं. आप्पा म्हणाले, "बाई, आसंच करा. पुण्यात हाय तसंच पायजे, जरा बी कमी नगं. आमची पोरं काय कमी हायत व्हय?" सगळे हसले, टाळ्या झाल्या, काम मंजूर झालं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्या हॉलच्या पायऱ्या कुठून सुरू होतात ते बघत होते, मला नीट दिसत नाही हे उतरताना कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

सरांनी गाडीपाशी विचारलं, "सोडू का कुठं?" तेव्हा मी सांगितलं. काचबिंदू निघालाय, थेंब सुरू केलेत, म्हणून तुकडे राहत होते. त्यांनी किल्ली हातात फिरवली. मग म्हणाले, "गाडी चालवता का तुम्ही?" मी म्हणाले, नाही. "मग बरंय," ते म्हणाले, आणि पुढच्या कामाचं बोलायला लागले. निघताना काच खाली करून "काळजी घ्या, आणि काम मी बघून घेत जाईन" एवढं म्हणाले. वाईट नाहीत ते. त्यांच्या जागी मीही तेवढंच म्हणाले असते.

मी तिथून कवठ्याला गेले, आत्याकडं. आत्या आता खूप वाकलीय, तिच्या मुलाकडं असते, ऐकू नीट येतं पण. पडवीत लसूण सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "येकलीच आलीस?" मी तिच्याजवळ बसून लसूण सोलायला घेतला आणि विचारलं, "आत्या, नाना शेवटी शेवटी तुझ्याकडं यायचे ना? त्यांच्या चांगल्या डोळ्याला काही झालं होतं का गं?"

ती म्हणाली, "जेवायला बसला का आमटीची वाटी हुडकायचा. उजव्या अंगाला ठिवली तर त्याला गावायची न्हाई. म्या आपली गुमान म्होरं सरकवायची. येकदा इचारलं, दिसत न्हाई व्हय रं तुला? तर म्हणला, दिसतंय की. पर मधी मधी न्हाई दिसत." आणि ती हसली. "आता ह्येला काय म्हणायचं? मधी मधी न्हाई दिसत म्हणं!"

मी म्हणाले, "मग मला का नाही सांगितलंस तू?"

तिनं लसणाची पाकळी सोलून ताटलीत टाकली. "मला काय ठावं तुला म्हाईत न्हाई त्ये? तू त्याची लेक. तू इचारलं न्हवतंस व्हय त्येला?"

ती रागानं नाही बोलली. खरंच विचारत होती. मी उरलेला लसूण सोलून दिला. मग तिनं भाकरी केली, मला वाढलं, आणि वाटी ताटाच्या कडेला ठेवता ठेवता थांबली, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि ती वाटी बरोबर माझ्यासमोर ठेवली. मी तिला माझं काहीच सांगितलं नव्हतं, नाना.

गेल्या आठवड्यात पुण्यात मोठी तपासणी झाली. मी पहाटेच्या डेमू लोकलनं गेले. एका पांढऱ्या पोकळ गोलासमोर हनुवटी टेकवून बसवतात, एक डोळा झाकतात, हातात बटण देतात. मधल्या दिव्याकडं बघत राहायचं आणि आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. सोपं वाटतं. ठिपका येतो, दाबते, येतो, दाबते. मग मध्येच बराच वेळ काही येत नाही. मशीन आतून टकटक करत असतं, म्हणजे ते दाखवतंय काहीतरी, आणि मला मात्र नुसता पांढरा उजेड. त्या वेळी ठिपका नव्हता की होता आणि मला दिसला नाही, हे बसलेल्या माणसाला कळायची सोय नाही. मी इतकी एकटी कधीच नव्हते. दौंडच्या घरातसुद्धा नाही. आणि त्याच क्षणी मला वाटलं, तुम्ही असेच बसला होतात, दोन-तीन वर्षं, जेवताना, जिन्यावर, त्या काचेच्या दारासमोर, आणि तुमच्या हातात दाबायला बटणही नव्हतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी आत्यानं सांगितलेलं सांगितलं, वाटीचं, मधी मधीचं. त्यांनी ऐकून घेतलं. "असू शकेल," म्हणाल्या, "आता नक्की सांगता येणार नाही. पण तसं असलं नसलं तरी तुमचे उपचार तेच राहणार." जे गेलंय ते परत येत नाही, जे आहे ते थेंब वेळेवर टाकले तर टिकतं, बहुतेक बरीच वर्षं. काम करायला हरकत नाही. म्हणजे ज्या प्रश्नासाठी मी इतके दिवस तुम्हाला उलटंपालटं करत होते, त्याच्या उत्तराची कुणाला गरज नव्हती. मला होती. शिरूरच्या कामाचा पुढचा टप्पा आता सुरू होईल, दारं येतील. ती पट्टी मी घालणार आहे, या वेळी सरांना आधी सांगून, आणि का ते सांगून.

हे कुठं पाठवायचं नाही, ते मला कळतं. लिहून झालं की बंद करून ठेवीन. फक्त एक गोष्ट राहिली, ती कुणाला तरी सांगावी म्हणून सांगते. तपासणीच्या दिवशी डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकायच्या आधी नर्सनं विचारलं, "सोबत कोण आहे? थेंब टाकल्यावर चार-पाच तास नीट दिसणार नाही, एकटीला सोडता येत नाही." सगळ्या खुर्च्यांवर कुणी ना कुणी जोडीनं बसलं होतं. मी म्हणाले, "वडील आहेत. खाली बसलेत, त्यांना जिना चढवत नाही." खोटं बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. नर्स म्हणाली, "मग ठीक आहे, उतरताना त्यांना हाक मारा," आणि तिनं माझी मान वर केली.

सगळं तपासून झाल्यावर जिन्याच्या तोंडाशी आले तर सगळं पांढरं आणि पसरट दिसत होतं, पायऱ्यांच्या कडा नाहीशा झाल्या होत्या. मी कठडा धरला. नर्स मागून बघत होती, म्हणून मी खाली बघून हाक मारली. "नाना," एवढंच, फार मोठ्यानं नाही. पण मारली.